पाठमोरी

...नाही, पण मला सांगा, राक्षस बघून कुणाला कणव येते का हो? आमच्या सासूबाईंना आली! तुम्हाला सांगते, कॉम्प्युटरवरचा भीतीचा गेम बनवतेय मी, एकटीच, म्हणजे चित्रंही मीच, आवाजही मीच आणि चुकाही माझ्याच, तर त्यातला शत्रू म्हणून आठ हातांची एक भयंकर बाई केली, नखं काय, दात काय, एकेक बोट हलवत आठवडा घालवला, आणि सासूबाई चष्मा पुसून स्क्रीनजवळ येऊन म्हणतात, "अगंबाई, आठ हात असून केवढी ओढाताण बिचारीची! जरा बसायला सांग गं तिला." बसायला सांगू? शत्रूला? अहो, घाबरायला नको का कुणीतरी?

मग दुसरा केला, नुसते दातच दात. नवऱ्याला दाखवला. "छान आहे." हा माणूस गळक्या नळालाही 'छान आहे' म्हणतो! वर खांद्यावर थोपटून, "तू करशील गं." एवढा भेसूर आवाज मी अजून एकाही शत्रूला देऊ शकलेले नाही. आणि ते उत्साह टिकवण्याचे व्हिडिओ... "प्रेरणा आतून येते!" माझ्या आतून जांभई येते हो! त्यात जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन, "जागा रिकामी आहे, शनिवारपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरी बघते." झालं! म्हणजे शनिवारपर्यंत एका तरी माणसाची गाळण उडाली तर गेम, नाहीतर पुन्हा गळ्यात ओळखपत्र. घाबरायला नको का कुणीतरी?

आता खरं सांगते, मला चेहरे जमत नाहीत. कितीही क्रूर काढा, शेवटी कुणाची तरी मावशी दिसते. म्हणून कंटाळून शत्रूला फिरवूनच टाकलं. पाठमोरी! लांबलचक बोळ, टोकाला फिकट उजेड, आणि त्या उजेडासमोर ती... बसलेली. किंचित पुढे झुकून. करत काहीच नाही हो! मधूनच खांदे तेवढे हलतात. खाली आमच्याच फ्रिजची घरघर, संथ करून लावलेली... आणि स्वतःच केलेलं असूनही पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. भर दुपारी!

शनिवारी मैत्रिणीला बोलावलं. दातांची डॉक्टर आहे. लोक तिला घाबरतात, ती कुणाला घाबरत नाही. "चल, दाखव तुझं भूत," म्हणत खुर्चीत बसली, बोळात शिरली... आणि थांबली.

"ही कोण गं?"

मी नुसती पुढे जायची खूण केली.

"करते काय ही?"

"काही नाही."

"मग अशी का बसलीये?"

अजून एक पाऊल... खांदे हलले... आणि डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय वर खुर्चीत घेतले! "ए, वळणार नाही ना ही? सांग ना! वळली तर काय होतं?" आता ते मी कुठे ठरवलं होतं? पण माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. घाबरली! अहो, कुणीतरी घाबरलं!

आणि तेवढ्यात जाणवलं, घर फार शांत आहे. घरात लहान मूल असताना शांतता म्हणजे... ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. वळून बघते तर लेक दारात उभी. हातात एकच चप्पल. कधीपासून, कोण जाणे! मी धावले तिचे डोळे झाकायला, तर माझा हात बाजूला करून तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"आई."

"हो गं राणी, आई इथेच आहे."

"नाही. ती आई."

मैत्रिणीने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग जरा मान कलती करून माझ्या पाठीकडे. तो उतरलेला डावा खांदा, तो कसाबसा बांधलेला अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिलसुद्धा... आणि मी काढताना समजत होते, काय माझी कल्पनाशक्ती! फ्रिज घरघरत होता. एक स्क्रीनमधून, एक स्वयंपाकघरातून.

बरं, लेक घाबरली? छे! सरळ मांडी घालून जमिनीवर बसली, स्क्रीनकडे बघत, रोजची सवय असल्यासारखी. मैत्रिणीने हळूच विचारलं, "काय गं, ही कशाने वळते?"

"रडलं की."

"लगेच?"

"लगेच नाही. खूप मोठ्ठ्यांदा रडलं की मग."

"आणि वळली की काय करते?"

लेकीने नीट विचार केला. "ओरडते. मग पापा घेते. मग परत तशीच बसते."

तुम्हाला सांगते, सर्रकन काटा आला अंगावर! किती रडल्यावर वळावं, वळून काय करावं, परत जागेवर कधी जावं... मी डोकं आपटून मेले तरी सुचत नव्हतं, ते शत्रूचं अख्खं वागणं या एवढ्याशा पोरीला तोंडपाठ! मॅडमना फोन केला, म्हटलं, नाही येत, माझा शत्रू सापडला.

आणि तुम्ही आता विचारणारच, लेकीला उचलून पोटाशी धरलंस की नाही? धरलं हो, धरलं! न धरून सांगते कुणाला?... तिने सांगितलेलं तेवढं लिहून झाल्यावर.