मधल्या खोलीतलं पांघरूण

नोंदणी कचेरीच्या बाकावर शिक्षिकाबाई नंबरची वाट बघत होत्या. शेजारी बहीण-भाऊ बोलत होते.

"दादा, सही केली की बिल्डरचे लोक आपलं घर पाडणार ना रे?"

"हो. म्हणून तर काल इमारत किती पर्यावरणपूरक याचे गुण देणारी आमच्या ऑफिसातली दोन्ही सॉफ्टवेअरं लावून पाहिली. एकात घर नापास, दुसऱ्यात अव्वल."

"एकच घर? आणि यावर तुझं पोट चालतं!"

"एक म्हणतं, एसी नाही, शून्य. दुसरं म्हणतं, वीजच जळत नाही, वा!"

"मग खरं कोणाचं?"

"आई उन्हाळ्यात दुपारची कुठे लवंडायची?"

"मधल्या खोलीत. खाली, फरशीवर."

"नुसतीच?"

"नाही रे... पांघरूण घेऊन."

"ते दोघांपैकी एकानंही विचारलं नाही."

त्या भावंडांचा नंबर पुकारला गेला. वाट द्यायला बाईंनी पाय आखडून घेतले. कोणीच उठलं नाही.