सून सभेत नाही म्हणली

माझं माहेर बिरसीकडचं. आता तिथं विमानं उतरतात, तेव्हा आमच्या धानाच्या बांधीत बगळे उतरत. चौथी झाली अन् बापानं शाळेतून काढलं, म्हणे धानाच्या रोवण्याले हात पाहिजे. मग लग्न होऊन सडक अर्जुनीच्या इकडे, या जंगलातल्या गावात आली. आम्हा बौद्धांची घरं इथं थोडी, गोंडांची जास्त.

काय सांगू तुम्हाले, तुम्ही आल्याबरोबर म्हणले की आजी, तुमच्या गावात मतं न टाकता सगळे मिळून ठरवतात, किती छान. छान काय त्याच्यात, एक दिवस बसून पाहा. निवडणुकीत आम्हीही बोटाले शाई लावतो, पण जंगलाचा हक्क गावाले भेटला तेव्हापासून जंगलाचं काहीही ठरवायचं असलं की ग्रामसभा बसते, अन् एक जण जरी नाही म्हणला तरी गोष्ट तिथंच थांबते. सकाळी बसलेली सभा, घरी भात शिजून, खाऊन, भांडे घासून होतात तरी चालूच. एकाची म्हैस हरवते, तो उठून जाते, तो येईपर्यंत सगळे बसून राहतात.

पहिले तर बाया मागे बसत अन् बोलत नसत. बाई गप्प बसली म्हणजे हाव म्हणली, तिचा होकार झाला, असं माणसं धरून चालत. अन् सभा उठली की ह्याच बाया बोरिंगवर माझ्यापाशी कुरकुर करत. म्हटलं, आता काऊन बोलता, तिथं तोंड शिवलं होतं का? एक दिवस मीच सभेत उभी राहिली, म्हणली, आजपासून हरेक बाईनं आपल्या तोंडानं हाव नाहीतर नाही म्हणावं. अध्यक्ष सोमाभाऊ म्हणे, वहिनी, मग तर दिवस जाईल. म्हटलं, जाऊ द्या, तुम्हाले कुठं विमान पकडायचं आहे. झाला नियम. माझ्याच गळ्यात पडला.

गावाले लागून डोंगरी आहे. मी नवी नवरी आली तेव्हा तिथं बांबू असा दाट की आत शिरलेली गाय दिसत नसे. आता कोंब निघाला की ढोरं खातात, नाहीतर सरपणवाल्यांच्या पायाखाली जाते. जंगलात राहून सुपाले, कुंपणाले बांबू बाजारातून आणून राहिलो आम्ही. मी सभेत मांडलं, डोंगरी तीन वर्षं बंद करा, ढोर नाही, कुऱ्हाड नाही. सगळ्यांनी एकेक करून हाव म्हणलं. शेवटी राहिली माझी सून, वंदना. ती उठली अन् म्हणली, नाही.

मले वाटलं चुकून बोलली. सोमाभाऊनं पुन्हा विचारलं. ती म्हणे, सरपण कोण आणते, आत्याबाई का मी? डोंगरी बंद झाली तर मले नाल्यापलीकडे जा लागते, तिथं अस्वल राहते. मी म्हणली, घरात गॅस आहे ना. ती म्हणे, टाकी रिकामी आहे, तुमचा लेक तिच्यावर बसून दाढी करते. अख्खी सभा हसून राहिली.

हात वर करून मोजले असते तर त्याच दिवशी डोंगरी बंद झाली असती, सगळं गाव एका बाजूले अन् वंदना एका बाजूले. पण नाही. सोमाभाऊ म्हणे, घरी बोला, पुढच्या सभेत पाहू. घरी कायचं बोलणं, ती ताट समोर ठेवून निघून जाय. लेकाले म्हणली, तुझ्या बायकोले समजाव. तो म्हणे, आई, मी सभेत हाव म्हणलो, माझं काम झालं. असा तो बहाद्दर.

पुढच्या सभेत वंदना आपणच उठली. म्हणे, मी हाव म्हणतो, पण अर्धं सरपण आंघोळीच्या पाण्यात जाते. आमच्या आत्याबाईले दोन्ही वेळ गरम पाणी लागते, उन्हाळ्यातही. चूल फक्त रांधायले पेटली तर बांधावरच्या वाळल्या काड्यांत भागते. बाळंतीण अन् आजारी सोडून कोणी पाणी तापवू नका, मग करा डोंगरी बंद.

माझ्या आंघोळीवर गावभराची चर्चा. माणसं हसून राहिले तर मी म्हणली, हसता कायले, तुमचंही पाणी बंद होऊन राहिलं. पुन्हा एकेकाले विचारणं आलं. सगळे हाव म्हणले, आता मीच राहिली. थंड पाण्यानं माझे गुडघे धरतात, हे वंदनालेही माहीत आहे. ती माझ्याकडे पाहून राहिली. मी नाही म्हणली असती तर तिथंच संपलं होतं. म्हणली, हाव.

आता पितळेचा गुंड पाण्यानं भरून अंगणात उन्हात ठेवतो अन् दुपारी आंघोळ करतो. डोंगरीत औंदा कोंब कंबरेइतके झाले, असं म्हणतात. मी कुठं पाहाले जाणार, गुडघे चढू देत नाहीत.

मागच्या आठवड्यात थंडी जास्त होती. वंदना भात उतरवून उरलेल्या निखाऱ्यावर लोटाभर पाणी तापवून घेऊन आली, माझ्या बादलीत ओताले. मी बादलीवर हात ठेवला. म्हटलं, सभेले विचारलं का? ती म्हणे, आजाऱ्याले चालते, आत्याबाई. म्हटलं, मी आजारी नाही, म्हातारी आहे, म्हाताऱ्यांचं काही ठरलं नाही. ती म्हणे, मग पुढच्या सभेत मांडतो.

मांड, म्हटलं. अन् सगळ्यांले सांग, घरून जेवून या.