सहा चाकांचे सहा नळ

मी मूळची पुण्याची, विश्रांतवाडीची. वडील एअरफोर्समध्ये गाड्यांचे मेकॅनिक, त्यामुळे आमच्याकडे जेवतानासुद्धा विषय गिअरबॉक्सचा, आणि मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. लग्नानंतर सिंगापूरला आले. नवरा चांगी बिझनेस पार्कात एसीत बसतो, मी तुआसला जुन्या गाड्यांच्या गॅरेजात सुपरवायझर आहे. गणपतीत भेटणाऱ्या बायका विचारतात, अगं, ग्रीसचे डाग कशाने जातात? मी म्हणते, जात नाहीत.

तर तो ट्रक. रशियन लष्करी झिल, एका हौशी माणसाने प्रदर्शनासाठी आणलेला. काय सांगू तुम्हाला, बाहेरून नुसता लोखंडाचा ढीग, पण आत काय डोकं चालवलंय. गारठलेलं इंजिन आधी तापवायला वेगळा हीटर, तो इथे बघून सगळे हसले. मागे जोडचाकं नाहीत, एकेकच, ती पुढच्या चाकांच्याच चाकोरीतून जातात, म्हणजे नवा चिखल तुडवावा लागत नाही. आणि टायरची हवा तर ड्रायव्हरने बसल्या जागेवरून, चालत्या गाडीत कमी करायची, चिखल संपला की पुन्हा भरायची. टायरला भोक पडलं तरी कंप्रेसर हवा देत राहतो, गाडी चालत राहते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी स्वतः हवा भरली, गाडी उभी केली, सही करून दिली. सकाळी बघते तर सहाच्या सहा टायर बसलेले. बॉस चिनी, तापट, हू डू धिस, हू डू धिस करत ओरडायला लागला, आणि मी विचार न करता मुरुगनचं नाव घेतलं. मुरुगन आमचा तमिळ मेकॅनिक, चाकांमधली हवेची सीलं त्यानेच बदललेली. तो म्हणाला, मॅडम, सील ओके, आय चेक. बॉस म्हणाला, फिनिश लाह, परमिट कॅन्सल, सेंड होम. मुरुगनचं परमिट आमच्या गॅरेजच्या नावावर, नोकरी गेली की देश सोडायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. ऐंशी वर्षांचे, कमी ऐकू येतं, पण एअरफोर्सात झिलच सांभाळलेली, त्यामुळे झिल म्हटलं की सगळं ऐकू येतं. म्हणाले, चाकांचे नळ बंद केलेस का? मी म्हटलं, कसले नळ? म्हणाले, अगं, प्रत्येक चाकावर हवेचा नळ असतो, चालताना उघडा, उभी केली की बंद, नाहीतर सगळी चाकं एकाच पाइपाला जोडलेली राहतात, त्या पाइपात कुठे केसाएवढी गळती असली तरी सकाळपर्यंत सगळी बसतात. आम्ही सहा नळ फिरवल्याशिवाय चहाला जात नव्हतो. आणि वर म्हणाले, डिप्लोमावाली ना तू?

जाऊन पाहिलं. सहाही उघडे. आजूबाजूला कुणी नव्हतं, गुपचूप फिरवून गप्प बसता आलं असतं, आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं तो विचार केलाही. मग बॉसकडे गेले, म्हटलं सगळ्यांना बोलवा, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, नळ मी बंद केले नव्हते, सीलं उत्तम आहेत. तो म्हणाला, यू इंजिनियर ऑर व्हॉट? मला वॉर्निंग लेटर मिळालं. ट्रक हवा भरून वेळेत गेला, मला मात्र प्रदर्शनाला नेलं नाही.

मुरुगन राहिला. माफी मागितली तर म्हणाला, ओके मॅडम. बस, एवढंच. पण तेव्हापासून मी तपासलेली गाडी तो पुन्हा तपासतो, माझ्या डोळ्यांदेखत. आधी राग यायचा. आता तो गाडीखाली शिरला की मी टॉर्च धरते.