पेन्सिलीच्या चौदा रेघा

...आणि वर तो गवंडी मलाच विचारतो, "ताई, चादर सोडलीत का?" आता सोडली हे त्याला दिसत नव्हतं का? पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी, धड सांगताही येत नाही हिला. नाहीच येत, कारण कुठे काही वाजलं की माझं वाक्य हातातून सुटतं. पण एक तुम्हाला आधीच सांगते, मी घाबरट नाही. मी फक्त दचकते.

हे वाक्य माझं नाही हं, बाबांचं. कुकरची शिट्टी झाली की मी वीतभर उडायचे, आत्या म्हणायची, "काय बाई घाबरट पोर ही," आणि बाबा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणायचे, "घाबरट नाही ती. दचकते फक्त." असं म्हणायचे की मलाच वाटायचं, आपण कसली तरी पदवीच मिळवली आहे.

तर छत. पुढच्या खोलीच्या छताला सात वर्षांपूर्वी भेग पडली, पंख्याच्या हुकापासून निघाली आणि रमतगमत खिडकीकडे चालायला लागली. दुसऱ्या कोणी गवंडी बोलावला असता, बाबांनी पेन्सिल आणली. वर्षातून दोनदा स्टुलावर चढायचं, भेग जिथे संपते तिथे आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची, म्हणजे पुढच्या वेळी कळतं बाईसाहेब किती चालल्या ते. मग लाटण्याने ठोकून ऐकायचं... टणटण वाजलं तर गिलावा घट्ट, भदभद वाजलं तर आतून सुटलाय. आई खालून, "त्या लाटण्याचा चुना माझ्या पिठात येतो," की बाबा तेच लाटणं स्वतःच्या छातीवर ठोकायचे, "ऐक, इथे अजून टणटण आहे." आम्ही हसायचो. हसायचो हो... आम्हाला काय माहीत, तिथे लाटण्याने कळत नाही ते.

चौदावी रेघ त्यांनी मारली, पंधरावीला ते नव्हते. भेगेला कोण सांगणार? ती आपली रेघ ओलांडून वीतभर पुढे गेली, आणि गेल्या महिन्यात सकाळी चहा घेताना ताटाएवढा गिलावा धपकन खाली. कुठे? बाबांच्या खुर्चीत. रिकामीच होती, दहा महिने रिकामीच आहे. मी कपासकट उडाले. आई उठली आणि खुर्चीतला चुना हाताने झाडला, त्यांच्या शर्टाचा खांदा झाडायची ना, तसा.

मग गवंडी आला. मिशीवाला, कमी बोलणारा. हातोडीच्या दांड्याने छत ठोकत निघाला, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करत, आणि मी खाली उभी, प्रत्येक ठोक्याला एकेकदा दचकत. खडू फिरत फिरत गेला आणि चौदाच्या चौदा रेघांना वळसा घालून परत आला.

"एवढं सगळं काढावं लागेल. आतली सळई गंजून फुगलीय, ती गिलाव्याला खाली ढकलते."

"ह्या तारखांपुरतं ठेवता नाही का येणार?"

"कशाच्या तारखा आहेत? सिलिंडरच्या?"

"आमच्या ह्यांच्या," आई म्हणाली.

त्याने खडू खिशात टाकला. मग खाली उतरला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "वहिनी, ठेवलं तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल. कडेने कापून अख्खा तुकडा निघतो का बघतो. शब्द देत नाही. तुम्ही दोघी खाली चादर धरा, ताणून. काही झालं तरी ढिली सोडायची नाही."

आता मला सांगा, जगातल्या सगळ्या माणसांतून चादर धरायला मी? पण दुसरं होतं कोण घरात? दोन टोकं आईकडे, दोन माझ्याकडे. कटर किंचाळत होता, नाकातोंडात धूळ, आणि मी मनात म्हणतेय, मी घाबरट नाही, मी घाबरट नाही... आणि कटर चालू होता तोवर नाहीच दचकले, खरंच नाही. कटर बंद झाला. त्याने छिन्नी लावली, म्हणाला, "आता येतोय," आणि खट्.

एवढंच. खट्. मला कळलं तेव्हा माझे दोन्ही हात कानांवर होते.

तुकडा आईच्या चादरीला लागला, घसरला आणि माझ्या पायाशी फुटला. सात वर्षं, घमेलंभर. आई समोर तिची दोन टोकं तशीच ताणून उभी. तेव्हा तो गवंडी म्हणाला, "ताई, चादर सोडलीत का?" आईने चादर हळू खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल, बोलायलाच हवं तिने. ती त्याला म्हणाली, "घाबरट नाही हो ती. दचकते फक्त."

त्यानंतर मी जी रडले ती त्याने सळया घासल्या, गंजाचं औषध लावलं, नवा गिलावा चढवला तरी थांबेना. जाताना त्याने बजावलं, सात दिवस फवाऱ्याने पाणी मारा, वाळू देऊ नका. मी मारलं, पण सारखं वर बघवेना हो, मान खाली घालूनच मारलं, आणि खाली मान घालून मारलेलं पाणी छताला किती लागणार? नवव्या दिवशी हुकापाशी केसाएवढी भेग. गवंड्याला फोन केला, तर म्हणे, "ती वरवरची आहे, ताई. उद्या येऊन भरून देतो." मी म्हटलं, "राहू दे."

स्टुलावर चढले. भेगेच्या टोकाला आडवी रेघ मारली, तारीख घातली, लाटण्याने ठोकलं. टणटण होतं की भदभद, मला कळलंच नाही... आपल्याच ठोक्याने मी दचकले होते. आणि आई खालून म्हणाली, "झालं असेल ऐकून तर लाटणं दे. आणि धुऊन दे. ते कधीच धुऊन देत नव्हते."