पाश्कने दिलेला शब्द

(सन २०१४, मार्च महिना, दुपार. उत्तर आल्बेनियाच्या डोंगरातील एक दगडी घर. खिडक्या विटांनी बुजवलेल्या. लुलाश खाटेवर, उशाशी पिस्तूल. तपासायला आलेली डॉक्टर द्राने त्याचा हात झटकते आहे.)

द्राने : हात काढ म्हणते ना! रगडू नकोस ती पोटरी.

लुलाश : आई सकाळपासून राकीची दारू चोळतेय. गाठ फुटेल म्हणाली.

द्राने : फुटेल, आणि तुकडा शिरेतून वर सरकत फुप्फुसात जाऊन अडकेल. बहुधा एक गेलाच आहे. उगाच नाही श्वास घेताना छातीत सुरी फिरत तुझ्या.

लुलाश : सुरीच बरी. मारणारा दिसतो तरी.

द्राने : मारते आहे ती ही खाट. माणूस चालला की पोटरी रक्त वर ढकलते. तू सहा वर्षं या चार भिंतींत बसून आहेस. साचलं, गोठलं. आत्ता एक सुई टोचते. पण आजच श्कोडरच्या इस्पितळात नेलं नाही, तर तू मरशील.

लुलाश : रक्त पातळ करायची सुई ना? म्हणजे पाश्कची गोळी नुसती चाटून गेली तरी बादली भरेल माझी! त्यानेच पाठवलं का तुम्हाला, डॉक्टरबाई?

द्राने : पातळ नाही होत. नवं गोठणं मंदावतं, गुठळी वाढत नाही; जुनी विरघळवायचं काम शरीरच करतं, सावकाश. जखम झाली तर रक्त लवकर थांबणार नाही, हे मात्र खरं.

लुलाश : घरात शिरून मारायची रीत नाही, म्हणून जिवंत आहे. फाटकाबाहेर पाय टाकला की मेलोच. त्याच्या भावाला मी पाटात पाडलं, तेव्हा आमच्या मक्यापर्यंत पाणी लाल आलं होतं. पाश्क विसरेल ते?

द्राने : तुझी आई त्याच्याकडेच गेलीय. उपचार होईस्तोवर मारणार नाही, असा शब्द मागायला.

लुलाश : त्याच्या दारात? हात पसरून? गळा दाबीन म्हातारीचा!

पाश्क : (दारातून आत येत) दाब की. माझ्या मागेच उभी आहे. आणि ते पिस्तूल खाली कर, कुत्र्या. माझं मी तुझ्या दाराबाहेर टांगून आलोय.

लुलाश : चालता हो! नाहीतर तुझंही डोकं फोडतो!

पाश्क : आधी धड श्वास घे. डॉक्टरबाई, न्या याला. हा खाटेवर मेला तर माझ्या भावाच्या रक्ताचा हिशोब कुणाकडे मागायचा? याला मी मारायचं, गुठळीने नाही. औषध चालू आहे तोवर आमच्यातला कुणी हात उगारणार नाही. हा माझा शब्द. संपलं की कळवा. त्याच दिवशी फाटकासमोर याचं टाळकं उडवीन.

लुलाश : ऐकलंत? बोकड पोसतोय!

पाश्क : बोकड निदान खाता येतो. किती काळ लागेल?

द्राने : कमीत कमी तीन महिने.

पाश्क : म्हणजे गवत कापणीपर्यंत. थांबतो.

द्राने : पुढचंही ऐका. औषध कधी थांबवायचं ते कारणावर ठरतं. गुठळीचं कारण याचं कोंडून बसणं. कोंडून बसण्याचं कारण तुम्ही. कारण कायम असेल, तर औषध मला थांबवता येत नाही.

पाश्क : शब्दात पकडताय मला?

द्राने : शब्द तुम्ही दिलात. मी रोग सांगतेय.

पाश्क : सरळ बोला. औषध संपणार कधी?

द्राने : जन्मभर चालेल.