फौजेच्या वाटेवर सारवण

पाहुणचार अंगाशी कसा येतो, ते आमच्या सुमनकाकूला विचारा.

संगमेश्वराजवळ आमच्या गावात जांभ्या दगडाची पाखाडी आहे, म्हणजे डोंगर उतरणारी पायऱ्यांची वाट. पूर्वी तिच्यावरून फौज उतरली, असं जुनी माणसं सांगत. दोन हजार सालच्या आसपास ती फोडून डांबरी रस्ता करायचं घाटत होतं. पुण्याहून इतिहासवाल्या बाई येऊन दगड बघणार आणि ते खरंच जुने निघाले तरच वाट वाचणार, असं ठरलं.

आता शिमग्यात पालखी येणार म्हटलं की आम्ही वाट शेणाने सारवतो. मग पुण्याचा पाहुणा येणार म्हटल्यावर काकू गप्प बसतेय थोडीच! तिने बायका जमवल्या आणि सकाळी सगळी पाखाडी सारवून वर रांगोळी घातली.

बाई आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, दगड कुठे आहेत?"

"खाली हायत. बरे दिसत नव्हते, म्हणून झाकले."

बाईंनी पाऊल उचललं, तशी काकू आडवी आली. "ओलं हाय अजून. थांबा जरा."

"अहो, इथून अख्खी फौज गेली!"

"गेली असंल. तेव्हा मी सारवलेलं नव्हतं."

बाई हसून हसून खालीच बसल्या. शेवटी आम्ही घागरी ओतून दगड धुऊन दिले. काकू तोंड फुगवून बघत होती.

वाट वाचली. पुढे तिथे पाटी लागली: 'या वाटेवर वाहने नेऊ नयेत.'

खाली काकूने चुन्याने लिहून घेतलंय: 'चपला पण.'