जुना ब्रश जमा करा

हसणार असाल तर सांगत नाही. बनारसमध्ये रस्ते झाडणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांचं स्टोअर माझ्याकडे आहे. तिथला नियम एकच: झिजलेला ब्रश जमा करा, मगच नवा मिळेल. ही पाटी मीच लावलीय.

त्या दिवशी दशाश्वमेधला मोठे पाहुणे यायचे होते आणि गाडी ब्रशावाचून उभी. नवा ब्रश माझ्या टेबलावर. समोर ड्रायव्हर रामधनी, हात जोडून.

"पुराना कहाँ है?"

"नहीं है, साहब."

"बेच दिया?"

तेवढ्यात इंजिनिअरसाहेब आत आले. "सीधी चोरी है. रिपोर्ट लिखिए, आज ही नौकरी से बाहर!"

मी रिपोर्ट लिहायला घेतला. चोराच्या नावापर्यंत आलो, तोच घरून आईचा फोन.

"अरे, तुमच्या रामधनीनं तो जुना गोल ब्रश आणून दिला ना, अंगणातलं शेवाळ अगदी साफ निघालं बघ! तुला सांगू नको म्हटलं होतं त्याला, तू पडलास नियमवाला. अजून एक मिळेल का रे?"

तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं. पण रामधनीनं माझा चेहरा पाहिला आणि हळूच मान हलवली. नका सांगू.

"लिखा चोर का नाम?" साहेब ओरडले.

"लिखा," म्हणालो आणि कागद पुढे केला.

त्यावर माझं नाव होतं.